चेहऱ्याबाबत तक्रार

"आपल्या चेहऱ्याबाबत पालकांकडून तक्रारी प्राप्त झाल्या असून, त्यांचे निवारण होईपर्यंत आपण कामावर हजर राहू नये."

पत्रात एवढंच होतं. खाली शाळेच्या वाहतूक विभागाचा शिक्का आणि एक लांबलचक सही. सतरा वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या माणसानं ते पत्र बायकोच्या शिलाई मशीनवर ठेवलं आणि तो तोंड धुवायला निघून गेला.

बायको पडदे शिवायची. घरात खिडक्या तीन आणि पडदे तीनशे, असा सगळा प्रकार. तिनं मशीन थांबवून पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. ब्रेकबाबत तक्रार तिला समजली असती. वेगाबाबत, उशिराबाबत, उद्धटपणाबाबतही समजली असती. पण चेहऱ्याबाबत? माणसाच्या चेहऱ्याची तक्रार कोणत्या कचेरीत नोंदवतात, हे तिला ठाऊक नव्हतं. वाचकहो, तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे. ती कचेरी आपण सगळेच खिशात घालून फिरतो.

चेहरा लाल होता, हे खरंच. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर बारीक लालजांभळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं. उन्हात, तापलेल्या इंजिनाजवळ उभं राहिलं की तो चेहरा असा भडकायचा की डोळेसुद्धा चुरचुरून लाल व्हायचे. बसमधली चिल्लीपिल्ली त्याला 'टोमॅटोकाका' म्हणायची आणि तो त्यांना 'ए बटाट्यांनो' म्हणायचा. मुलांची काही तक्रार नव्हती. घराचं दार उघडून आतलं माणूस दिसल्याशिवाय टोमॅटोकाका बस हलवत नाहीत, हे मुलांना माहीत होतं. सतरा वर्षांत त्या बसला साधा ओरखडा नव्हता. आणि दारूचं म्हणाल, तर त्यानं तरुणपणी एकदा चव घेतली होती, दोन दिवस ओकत पडला होता, आणि पुन्हा त्या वाटेला गेला नव्हता.

मग झालं काय? एका दुपारी तिसरीतल्या एका मुलीची आई बस-थांब्यावर उभी होती. भर उन्हात टोमॅटोकाका बसचं बॉनेट उघडून पाणी तपासत होते. चेहरा लालबुंद, डोळे पाणावलेले. बाईंनी फोटो काढला आणि पालकांच्या गटावर टाकला. खाली एकच ओळ लिहिली, 'ही व्यक्ती आपली मुलं नेते-आणते, याची शाळेला कल्पना आहे का?' बस्स! संध्याकाळपर्यंत एकशे बारा उत्तरं. 'मला आधीपासूनच शंका होती.' 'नाकावरूनच कळतं.' 'माझ्या मिस्टरांनी मागेच सांगितलं होतं.' एकशे बारा शहाणी, सुशिक्षित माणसं, आणि त्यातल्या एकानंही चार पावलं चालत जाऊन त्या माणसाला विचारलं नाही, की बाबा रे, तुला बरं नाही का?

पत्र आलं त्याच संध्याकाळी बायकोनं नवऱ्याच्या हातात चहाचा कप दिला. देताना ती जरा जास्तच वाकली.

नवऱ्यानं कप बाजूला ठेवला. "तूसुद्धा?"

"काय मीसुद्धा?"

"वास घेतलास."

"काहीतरीच काय! कप देत होते मी."

"सोळा वर्षं देते आहेस कप. आज पहिल्यांदा नाक पुढं आलं."

खोटं पकडलं गेलं की माणूस आवाज चढवतो, तसा तिनंही चढवला. "मग करायचं काय मी? समोरची बाई पडद्याचं माप द्यायला येते नि तुमच्याबद्दल विचारून जाते. लोक मला तोंडावर विचारतात हो! ते लेसर का काय असतं, ते करून टाका एकदाचं. पुढच्या शनिवारी शाळेत पालकांची बैठक आहे म्हणे. चेहरा स्वच्छ दिसला की प्रश्नच मिटला!"

नवऱ्याच्या चहावर साय धरली आणि तो तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी दोघं त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की बाहेरच्या बाकावरचा पेशंटसुद्धा सरळ बसावा. त्यांनी दिव्याखाली चेहरा पाहिला, भिंग धरून पाहिला, गालावर काचेची पट्टी हलकेच दाबून पाहिलं. पट्टीखालच्या शिरा क्षणभर पुसल्या गेल्या आणि उचलताच परत भरल्या.

"जळजळ होते?"

"होते. कुणी तवा धरल्यासारखी. उन्हात जास्त. तिखट खाल्लं की, गरम प्यायलं की."

"कुणाला सांगितलंत?"

तो हसला. "जळजळ कोण विचारतंय, डॉक्टर? सगळे एकच विचारतात."

"काय विचारतात ते कळलं मला." डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा फुगतात आणि मग कायमच्या रुंद होऊन बसतात. आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही होतो. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, एक आजी येतात. सगळ्यांना लोकांनी दारुडं ठरवून झालंय! बरं, चेहऱ्याला काही लावता?"

त्यानं शर्टाच्या खिशातून एक दबलेली ट्यूब काढली. डॉक्टरबाईंनी ती चष्मा वर करून वाचली आणि टेबलावर आपटली. "हे कोणी दिलं?"

"मी आणलं," बायको हळूच म्हणाली. "औषधाच्या दुकानातून. यांचा फोटो दाखवला. तो म्हणाला, आठ दिवसांत चेहरा साफ. आणि झालाही होता हो सुरुवातीला!"

"चिठ्ठी होती डॉक्टरची?"

"क्रीमला कसली चिठ्ठी?"

"स्टेरॉइड आहे हे! किती दिवस लावताय?"

"चार वर्षं."

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्याच. "चार वर्षं! अहो, या क्रीमनं सुरुवातीला चेहरा छान दिसतो आणि आतून कातडी कागदासारखी पातळ होत जाते. शिरा आणखी पसरतात, आणखी वर येतात. मग माणूस आणखी क्रीम लावतो. तो दुकानदार गोळ्याबिस्किटं विकावीत तशी ही विकतो आणि तुम्ही चेहऱ्याला फासता. त्याला विकताना लाज नाही नि आपल्याला विचारायची सवय नाही. आजपासून हे बंद!"

बायकोनं मान खाली घातली. पण ज्यासाठी आली होती ते तिनं विचारलंच. "डॉक्टर, लेसरनं जाईल ना हे? शनिवारच्या आत?"

"लेसरनं बऱ्यापैकी जाईल. शनिवारच्या आत अजिबात नाही." डॉक्टरबाई परत बसल्या आणि आता शांतपणे सांगू लागल्या. "लेसरचा प्रकाश रक्तातला लाल रंग ओढून घेतो. त्यानं ती बारीक शीर आतून तापते आणि मिटते. शरीर तिला हळूहळू शोषून टाकतं. डोळ्यांवर झाकण्या लावतो आम्ही. रबरबँड फटकन बसावं तसं लागतं. पण तीन-चार वेळा यावं लागतं, मध्ये महिना-दीड महिना सोडून. आणि प्रत्येक वेळी काही दिवस चेहऱ्यावर सूज, कधी जांभळे डाग. ऊन टाळायचं. शिवाय आजार मुळापासून जात नाही, जपावं लागतं. आणि हे सगळं केव्हा? आधी या क्रीमनं केलेली नासाडी निस्तरल्यावर. दोन महिने तरी."

"मग शनिवारपर्यंत तरी क्रीम लावू दे त्यांना!" बायको काकुळतीला आली. "बंद केलं की काय होईल?"

"भडकेल. येत्या आठ दिवसांत आज आहे त्याहून दुप्पट लाल होईल."

बायकोनं डोक्याला हात लावला. नेमक्या शनिवारी! शंभर माणसांसमोर नवरा उभा राहणार आणि चेहरा जन्मात नव्हता इतका लाल!

"डॉक्टर, नोकरी जाईल हो यांची. तुम्ही निदान एक चिठ्ठी द्या, हे पीत नाहीत म्हणून."

"आजाराची चिठ्ठी देते. पीत नाहीत हे चेहऱ्यावरून मी कसं लिहू? मग माझ्यात आणि त्या फोटोवाल्या बाईंत फरक काय राहिला?" डॉक्टरबाई ताडकन म्हणाल्या. "हे बघा, मला शिरा बंद करता येतात, लोकांची तोंडं नाही. चेहरा गोरागोमटा करून तुम्ही बैठकीला गेलात, तर त्यांना काय कळेल? हेच, की लाल होता तेव्हा पीत होता. त्यांचं म्हणणं तुम्हीच खरं करून द्याल! माणूस प्यायलाय की नाही हे श्वासावरून कळतं. एवढी मोठी शाळा, एवढ्या बस. श्वास तपासायचं यंत्र नाही तुमच्याकडे?"

"आहे की," टोमॅटोकाका म्हणाले. "आठ महिने झाले आणून. साहेबांच्या कपाटात आहे, खोक्यात."

"मग रोज तपासतात कसे तुम्हाला?"

आणि त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून डॉक्टरबाईंनी चष्माच काढून ठेवला. रोज सकाळी चौदा ड्रायव्हर वाहतूक विभागाच्या खिडकीसमोरून रांगेनं जायचे. साहेब चहा पिता पिता मान वर करायचे, चेहरा बघायचे आणि 'श्वास तपासणी' या रकान्यात 'ठीक' असं लिहायचे. चेहरा पाहून माणूस ओळखतो आपण, असं साहेब अभिमानानं सांगायचे. टोमॅटोकाकांच्या नावापुढेही सतरा वर्षं 'ठीक'च होतं, कारण साहेबांना तो चेहरा सवयीचा झाला होता. फोटो आला आणि साहेबांना तोच चेहरा एकाएकी संशयास्पद दिसू लागला.

म्हणजे बघा! शंभर मुलांचा जीव ज्याच्या हातात, त्याची तपासणी चहाच्या घोटाबरोबर. आणि ज्याची तपासणी कधी केलीच नाही, त्याला शिक्षा मात्र लेखी, शिक्क्यासह! अंगाची लाही लाही होते की नाही?

घरी येताना बायकोनं ट्यूब रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकायला काढली आणि हात आखडला. "शनिवारपर्यंत... निदान थोडीशी?"

नवऱ्यानं ट्यूब तिच्या हातातून घेतली आणि स्वतः टाकली. "चार वर्षं लोकांसाठी लावली. आता पुरे."

शनिवार उजाडला तो डॉक्टरबाईंचा शब्द खरा करत. गाल सुजलेले, नाक रसरसलेलं, पापण्यांच्या कडासुद्धा लाल. शाळेच्या सभागृहात दोघं शिरले तेव्हा कुजबुज पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. "आजसुद्धा घेऊन आलाय!" कुणीतरी म्हणालं. लहान आवाजात म्हणालं, पण ऐकू जाईल इतपत. हीच तर आपली रीत आहे.

मंचावर मुख्याध्यापिका बिनतारी माईक घेऊन बसल्या होत्या. शेजारी वाहतूक-साहेब. फोटोवाल्या आई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि नीट, मुद्देसूद बोलल्या. "माझं यांच्याशी वैर नाही. पण माझी आठ वर्षांची मुलगी त्या बसमध्ये असते. तुम्ही सगळे आत्ता यांचा चेहरा बघताय. आणखी पुरावा कशाला हवा?"

टाळ्या पडल्या. वाईट बाई नव्हती ती. आईच होती. आपल्यातली बहुतेक माणसं अन्याय करतात तेव्हा वाईट नसतातच, ती फक्त घाईत असतात.

वाहतूक-साहेबांनी घसा खाकरला. "आम्ही तातडीनं कारवाई केलेली आहे. बदली ड्रायव्हर नेमला आहे. अतिशय नीटनेटका माणूस. त्याला बघाल तर—"

"बघून झालं की हो सगळ्यांना!" मागून आवाज आला. टोमॅटोकाकांची बायको उभी राहिली होती. आयुष्यात तिनं चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं. "यांना आजार आहे. ही डॉक्टरांची चिठ्ठी. ती नका मानू. मी बायको आहे, माझंही नका मानू. साहेब, तुमच्या कपाटात श्वासाचं यंत्र आहे. ते आणा."

साहेबांचा हात उगाच टायकडे गेला. "आहे... म्हणजे, त्यात सेल नाहीत."

"आठ महिने?" मुख्याध्यापिकांनी साहेबांकडे वळून विचारलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. "रजिस्टरवर तर रोज सही असते तुमची."

"मॅडम, ते आपलं... नजरेनं..."

मुख्याध्यापिकांनी शिपायाला खोकं आणायला पाठवलं, हातातला माईक उलटा केला, त्याचं झाकण उघडलं आणि आतले दोन सेल टेबलावर ठेवले. त्यानंतर सभागृहात जे काही बोललं गेलं ते विनामाईक, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

यंत्रावरचं प्लॅस्टिक मुख्याध्यापिकांनीच फाडलं. टोमॅटोकाका पुढं आले आणि नळीत फुंकले. पडद्यावर शून्य आलं.

"परत एकदा," फोटोवाल्या आई म्हणाल्या.

ते परत फुंकले. शून्य.

"यंत्र बिघडलेलं असेल," कुणीतरी पुटपुटलं.

"मग ज्याचा चेहरा स्वच्छ आहे त्यालाही फुंकू दे," टोमॅटोकाकांची बायको म्हणाली. "नऊ दिवस तुमची मुलं तोच नेतोय ना? बोलवा त्याला."

बदली ड्रायव्हर खाली बसमध्येच होता. दोन तासांपूर्वीच मुलांना शाळेत सोडून तो गाणी ऐकत बसला होता. वर आला तो हसतमुख. पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, तुकतुकीत चेहरा. दाढीचा साबण अजून दरवळत होता. साहेबांना जरा धीर आला. त्या माणसानं यंत्र पाहिलं आणि त्याचं हसू आटलं.

"मला खोकला झालाय, मॅडम. औषध घेतलंय."

"फुंका," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तो फुंकला. यंत्र पी-पी-पी करत ओरडू लागलं आणि थांबेचना. आकडा पाहून मुख्याध्यापिकांनी यंत्र साहेबांसमोर सरकवलं. नऊ दिवस! रोज सकाळी साहेबांनी त्या तुकतुकीत चेहऱ्याकडे पाहून लिहिलं होतं, 'ठीक'.

"सकाळी दोनच घोट घेतले होते," ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला. "अंग दुखत होतं."

फोटोवाल्या आई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांची मुलगी त्याच बसमधून आली होती. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसून आली होती, कारण तिथं सुरक्षित असतं असं त्यांनीच तिला शिकवलं होतं.

आता मात्र गदारोळ उडाला. हाकला त्याला, पोलिसांना बोलवा, साहेबांना काढा! दहा मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवणारे तेच हात आता मुठी वळून हवेत नाचत होते. टोमॅटोकाकांच्या बायकोला ते बघवेना.

"गप्प बसा सगळे!" ती ओरडली. "साहेबांना बोल लावताय? त्यांनी चेहरा बघून लिहिलं, तुम्ही काय बघून लिहिलंत? एकशे बारा जणांनी लिहिलंत! आणि मी... मी काय कमी आहे? हे पत्र आलं त्या संध्याकाळी मी यांच्या तोंडाचा वास घेतला. सोळा वर्षांचा संसार माझा, सगळं ठाऊक असलेली मी, आणि लोक म्हणतात म्हणून मी वास घेतला! यांचा चेहरा जळतो हो. आग होते आग! ती कधी विचारली नाही मी. लोकांना दिसू नये म्हणून क्रीम आणलं आणि होता तो चेहराही नासवला. लोकांना काय वाटेल, लोकांना काय वाटेल... अहो, तुम्ही लोक म्हणजे आहात तरी कोण? माझ्यासारखेच ना?"

ती रडत नव्हती. रागानं थरथरत होती. नवऱ्यानं तिचा हात धरला तेव्हा कुठं ती खाली बसली.

फोटोवाल्या आई उठून त्या दोघांपुढे आल्या. कानापासून गळ्यापर्यंत त्या लालेलाल झाल्या होत्या.

टोमॅटोकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ताई, तुमचा चेहरा लाल झालाय," ते म्हणाले. "मी त्याचा वेडावाकडा अर्थ काढणार नाही."

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फोटो काढण्याआधी मी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथं पत्र रद्द केलं. साहेब तरीही समजुतीच्या सुरात म्हणालेच, "सोमवारपासून या तुम्ही. पण तेवढं लेसरचं उरकून घ्या, म्हणजे परत कुणाला शंका नको."

"सोमवारी येतो, साहेब. ह्याच चेहऱ्यानं येतो," टोमॅटोकाका म्हणाले. "लेसर करीन, पण मला जळजळ होते म्हणून करीन. तुमच्या शंकेवर लेसर मारायचा तर तो तुमच्या डोळ्यांवर मारावा लागेल."

आणि सोमवारी ते गेले. रसरसलेल्या नाकानं गेले. आता शाळेच्या फाटकाशी रोज एक पालक यंत्र घेऊन उभा असतो आणि चौदाच्या चौदा ड्रायव्हर फुंकतात, गोरे, काळे, लाल, तुकतुकीत, सगळे. पहिली पाळी फोटोवाल्या आईंनी मागून घेतली. गटावर त्यांनी तो जुना फोटो काढून टाकला आणि माफी मागितली. त्या माफीखाली उत्तरं आली नऊ. बाकीचे एकशे तीन जण बहुधा कामात होते.

दोन महिन्यांनी लेसर सुरू झालं. पहिल्या खेपेनंतर गालांवर जांभळे ठिपके घेऊन काका कामावर आले, तर बटाटे म्हणाले, "काका, आता तुम्ही वांगं झालात!" चौथ्या खेपेपर्यंत शिरांचं जाळं पुष्कळ विरलं, आणि मुख्य म्हणजे, आग थांबली. एका संध्याकाळी त्यांनी गरम चहा सावकाश, चव घेत प्यायला. बायको समोर बसून नुसती बघत होती.

इथं गोष्ट गोड संपवायला मला आवडलं असतं. पण परवा थांब्यावर एक गृहस्थ टोमॅटोकाकांजवळ आले, त्यांचा स्वच्छ चेहरा निरखून बघितला आणि मोठ्या कौतुकानं पाठ थोपटत म्हणाले, "वा! सोडलीत वाटतं! छान केलंत!"

काकांनी तोंड उघडायच्या आत फोटोवाल्या आई मुलीचा हात सोडून तरातरा पुढं आल्या. "त्यांनी कधी धरलीच नव्हती!" त्या कडाडल्या. "आजार होता त्यांना. एक दिवस तरी विचारलंत? मीही विचारलं नव्हतं, म्हणून सांगते. लाज वाटते मला अजून. तुम्हालाही वाटू द्या!"

गृहस्थ गोरेमोरे होऊन निघून गेले. उद्या ते आणखी कुणाच्या तरी चेहऱ्यावरून काहीतरी ठरवतील, अशी मला भीती आहे. म्हणून हे लिहिलं. मंडळी, चेहऱ्यावर दिसते ती कातडी, चारित्र्य नव्हे. शंका आली तर तपासा, जरूर तपासा, मुलांचा प्रश्न असेल तर सगळ्यांनाच तपासा. पण एखाद्याचा चेहरा लाल दिसला, तर त्याच्याबद्दल दुसऱ्याला सांगण्याआधी त्याला स्वतःला एकदा विचारा, "दुखतं का हो?" सतरा वर्षांत टोमॅटोकाकांना हे विचारणाऱ्या पहिल्या त्या डॉक्टरबाई होत्या, आणि याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.